टक्का लिहून झाल्यावर

अण्णा,

काल दादा खोलीवर आला होता. आपल्या लक्ष्मीपुरीतल्या, माडीवरच्या खोलीवर. जिना चढताना त्याला धाप लागलेली मला आतूनच ऐकू आली, पण पाऊल त्याचं आहे हे ओळखायला वेळ लागला. टेंडर भरायचा शेवटचा दिवस, त्यामुळे बाहेर बाकावर ठेकेदारांची गर्दी. मी दारातून म्हटलं, "दादा, आत ये की." तर त्यानं हातानंच 'राहू दे' केलं आणि बाकाच्या टोकाला बसला, पिशवी मांडीवर घेऊन, इतर गिऱ्हाइकांसारखा. नंबर आल्यावरच आत आला. तुमचा मुलगा, तुमच्याच खोलीत, नंबर लावून. तुम्ही असता तर हे तुम्हाला आवडलं असतं, आणि आवडलं म्हणून मला तुमचा राग आला असता.

राग अजून येतो, हे आधीच सांगून टाकते. माणूस गेलं की त्याच्याविषयीचा राग पण जातो असं लोक म्हणतात, माझं काही तसं झालं नाही. तुमचा फोटो टेबलाच्या मागं लावलाय, रोज पुसते, आणि पुसताना एखाद दिवशी जरा जोरातच पुसते.

तुम्ही गेलात तेव्हा टेंडर कागदाचं होतं. आता सगळं कॉम्प्युटरवर आलंय. कचेरीतली ती कुलूप लावलेली पत्र्याची पेटी गेली, लाखेची सीलं गेली. ठेकेदाराची सही आता बोटाएवढ्या डोंगलमध्ये असते. तो मशीनला लावायचा, पासवर्ड टाकायचा, कागद चढवायचे, शेवटी टक्का टाकायचा आणि बटण दाबायचं. टक्का मात्र तोच आहे अजून, सरकारी अंदाजापेक्षा किती टक्के कमी दरात काम करणार तो आकडा. ज्याचा दर सगळ्यात खाली, त्याला काम. बाकीचा कागदांचा भारा त्या एका आकड्यासाठी. खरं तर हे घरी बसून कुणालाही करता यावं, पण शेवटच्या दिवशी सर्व्हर बसतो, एखादा दाखला चढत नाही, आणि सगळे धावत आपला जिना चढतात. एकमेकांविरुद्ध टेंडर भरणारी माणसं आजही एकाच बाकावर मांडीला मांडी लावून बसतात, एकमेकांच्या पोरांची लग्नं जुळवतात, आणि एकेक जण आत येऊन एकाच बाईच्या कानात आपापला आकडा सांगून जातो. बाहेरगावच्या माणसाला हे सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. पूर्वी ते तुम्हाला सांगायचे, आता मला सांगतात.

तुमची पद्धत मला अजून तोंडपाठ आहे. गिऱ्हाईक आलं की आधी चहा, आणि चहा टक्क्याच्या आधीच, नंतर कधी नाही. मग कागद. पानापानावर सही, हातातल्या कामांची यादी, बँकेचा दाखला. एखादी सही राहिली की त्या बिचाऱ्याची खैर नसायची. "पूल बांधाय निघालाय आणि सही कराय हात दुखतोय व्हय?" असं सगळ्यांदेखत. टक्का शेवटी, दार लोटून घेऊन. सुरुवातीला मला पण बाहेर काढायचात. पुढं मी कॉलेज संपवून तुमच्या हाताखाली बसायला लागले तेव्हा कुठं ते बघायला मिळालं. माणूस पुढं वाकून आकडा सांगायचा. तुम्ही एकदाच विचारायचात, "ह्योच?" तो "व्हय" म्हणाला की काळ्या शाईनं लिहायचात, आकड्यात आणि अक्षरी. टीपकागदानं टिपायचात, आणि तो टीपकागद लगेच मेणबत्तीवर धरून जाळायचात, कारण त्यावर आकडा उलटा उमटलेला असायचा. मग पाकीट, मग लाख. आणि "ह्योच?" म्हटल्यापासून लाख घट्ट होईपर्यंत तुमची मान वर व्हायची नाही. माणूस समोर बसून तुमच्या टोपीकडं बघत राहायचा. कारण सरळ होतं. त्याच कामाचं दुसऱ्या कुणाचं टेंडर तुम्हीच सकाळी भरलेलं असायचं. समोरच्याला काम लागणार नाही, हे त्याच्याआधी तुम्हाला कळलेलं असायचं, आणि ठेकेदार मंडळी चेहरा वाचण्यात भारी पटाईत.

एकदा जेवताना मी बोलून गेले होते, आठवतं? "आज त्या जीपवाल्यांनी लईच खाली भरलंय." एवढंच. जीपवाले म्हणजे ते लाल जीपमधून यायचे ते जाड मिशांचे ठेकेदार, तुमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. किती खाली, ते मी बोलले नव्हते. तुमचा घास हातात होता. तो तुम्ही ताटात ठेवलात आणि ताटातच हात धुतलात. आमटी अर्धी, भात तसाच. आई म्हणाली, "अवं, पोरगी हाय, घरात बोलली. बाहीर न्हाय बोलली." तुम्ही म्हणालात, "घरातच बोलायचं नसतंय." आणि माझ्याकडं न बघता, "उद्यापासनं खोलीवर यायचं न्हाय." मी रडले, मग चिडले, मग नोकरी बघते म्हणून पेपरातल्या जाहिराती कापत बसले. काही दिवसांनी एका सकाळी स्वयंपाकघरात तुमच्या डब्याशेजारी माझा डबा भरून ठेवलेला दिसला. आई म्हणाली, "त्यांनीच भराय लावलाय. आता जा मुकाट्यानं." पुढं त्या विषयावर आपण दोघंही कधी बोललो नाही.

त्यानंतरच दादाचं झालं. त्यानं स्वतःच्या नावावर ठेकेदारीचं रजिस्ट्रेशन काढलं आणि पहिलंच काम धरलं ते मलकापूरच्या पुढच्या त्या ओढ्यावरच्या पुलाचं. आईच्या माहेरच्या वाटेवरचा ओढा. पावसाळ्यात तो फुगला की गाव तुटायचं. आजी गेली तेव्हा आई अलीकडच्या काठावर भिजत उभी होती आणि पलीकडून कुणीतरी ओरडून सांगितलं, झालं म्हणून. दादा तेव्हा लहान होता, तिच्या पदराला धरून उभा. त्याच्या डोक्यात तो पूल तेव्हापासून होता. बाकी कुठलंही काम त्याला चाललं असतं असं तो म्हणायचा, पण त्याचा जीव त्याच पुलात होता.

तो दिवस मला असा दिसतो. दादा इस्त्रीचा शर्ट घालून जिना चढतो. आईनं देव्हाऱ्यासमोर उभं करून त्याला कुंकू लावलंय. तो तुमच्यासमोर बसतो, आणि तुम्ही त्याच्यासाठी पण आधी चहा मागवता, बशीत बिस्कीट ठेवून, गिऱ्हाइकाला देतात तसा. तो हसतो. "अण्णा, मला बी पावणं केलासा व्हय?" तुम्ही हसत नाही. सगळ्या पानांवर त्याच्या सह्या घेता. तो वाकून आकडा सांगतो. तुम्ही विचारता, "ह्योच?" तो म्हणतो, "व्हय." तुम्ही लिहिता, टिपता, जाळता. मी कोपऱ्यात बसून पाकिटावर कामाचं नाव लिहितेय, मला काहीच माहीत नाही, सकाळी जीपवाले येऊन गेले तेव्हा मी स्टॅम्प आणायला गेले होते. दादा तुमच्याकडं बघतोय. लाख पाकिटावर पडते, तुम्ही त्यावर शिक्का दाबता, आणि दाबून धरलेल्या हाताकडंच बघत राहता. दादा पाकीट घेऊन खाली जातो तेव्हा कुठं तुम्ही मान वर करता, आणि तेव्हा समोरची खुर्ची रिकामी असते.

त्या संध्याकाळी आईनं शिरा केला होता. दुसऱ्या दिवशी टेंडर उघडणार म्हणून. दादा जेवताना ताटातल्या भाताचा ओढा करून तिला दाखवत होता, खांब कुठं येणार, रस्ता कुठनं वळणार. ती म्हणाली, "पूल झाला की पयलं मी चालत जाणार. अनवाणी." तुम्ही शिरा दुसऱ्यांदा मागून घेतलात.

दुसऱ्या दिवशी काम जीपवाल्यांना लागलं. फरक अगदी थोडका. दादा घरी आला तो स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला. तुम्ही पाटावर, आई चुलीशी, मी दोघांच्या मध्ये. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. म्हणाला, "सांगायचं नव्हतं, त्ये मला मान्य हाय. मी इचारलं बी नसतं. पर एकदा वर तरी बघायचं हुतं, अण्णा."

तुम्ही म्हणालात, "वर बघितलं असतं तर सांगितल्यासारखंच झालं असतं."

"मग माझ्या जागी दुसरं कोण बी असतं तरी तुमचं चाललंच असतं की."

आणि तुम्ही म्हणालात, "व्हय."

अण्णा, तो एक शब्द मी आयुष्यभर मनात घोळवत आलेय. खोटं बोलायला काय झालं होतं? नुसतं गप्प बसला असता तरी चाललं असतं. तुम्हाला गप्प बसणं इतकं छान जमायचं. त्या दिवशी तेवढं नेमकं बोललात. दादा आठवडाभरात बेळगावच्या पुढं एका मोठ्या कंपनीच्या धरणाच्या कामावर सुपरवायझर म्हणून निघून गेला. घरी यायचा तो तुम्ही खोलीवर असाल अशा वेळेला, आईच्या हातचं जेवून, तुम्ही परतायच्या आत निघायचा. आई तुम्हाला म्हणायची, "तोंड उघडलं असतं तर काय झिजलं असतं?" तुम्ही पेपर वाचायचात. पूल झाल्यावर एस.टी. त्यावरून जायला लागली. आई माहेरी जाताना पुलाच्या आधी डोळे मिटून घ्यायची आणि पलीकडं गेल्यावरच उघडायची. चालत तर ती त्यावरनं कधी गेलीच नाही.

तुम्हाला काही वाटलं नाही, असं मी खूप वर्षं धरून चालले होते. पण एका रविवारी तुम्ही सकाळी न सांगता बाहेर पडलात आणि दिवस मावळताना परत आलात, धोतराला तांबडी माती. कुठं गेला होतात विचारलं तर म्हणालात, "पूल बघून आलो. बरा बांधलाय." आणि पाय धुवायला मोरीत गेलात. मोरीतून लवकर बाहेर आला नाहीत. मी पाण्याचा आवाज येईल म्हणून कान देऊन उभी होते, आणि तांब्या एकदाही वाजला नाही.

तुम्हाला पोचवायला पंचगंगेवर सगळे ठेकेदार आले होते. एकमेकांचे वैरी, पण खांदा द्यायला रांग. जीपवाले लहान पोरासारखे रडले. दादाला निरोप उशिरा मिळाला, तो रक्षाविसर्जनाला पोचला. नदीत उतरून त्यानं सगळं विधिवत केलं. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "तोंड बघाय मिळालं न्हाय." मला वाटलं तो अंत्यदर्शनाबद्दल बोलतोय. आता वाटतं, नसेल.

आता कालचं. तुम्ही 'बरा' म्हणालात तो पूल आता पुरात दरवर्षी पाण्याखाली जातो, म्हणून तो पाडून उंच पूल बांधायचं काम निघालंय. दादानं ते कुठूनतरी बघितलं, रजिस्ट्रेशन नवीन करून घेतलं, आणि गेला आठवडाभर माझ्याकडं येऊन राहिलाय. आई माझ्याकडंच असते. तिला आता कमी ऐकू येतं, पण 'पूल' एवढा शब्द बरोबर ऐकू येतो. तिनं त्याला काल पुन्हा कुंकू लावलं. त्याचे केस सगळे पांढरे झालेत, तरी तो मान खाली घालून लहान पोरासारखा उभा राहिला.

काल सकाळी पहिलंच गिऱ्हाईक आलं होतं ते आजऱ्याकडचा एक तरुण ठेकेदार. काजूवाल्यांच्या घरातला, सरळ मुलगा. त्याच पुलाचं टेंडर. माझ्याकडून बटण दाबून घेतलं आणि जाताना म्हणाला, "ताई, तुमच्याकडं आलो की मी निवांत असतो बघा." दुपारी दादा समोर बसला. मी चहा मागवला. तो बशीतल्या बिस्किटाकडं बघून थोडं हसला. कागद सगळे चोख होते, पानापानावर सही. मग तो वाकला आणि त्यानं आकडा सांगितला. तो आकडा मी इथंही लिहीत नाही, टेंडर उद्या उघडायचंय, आणि ही सवय तुम्हीच लावलीय. एवढंच सांगते की दादाचा दर आजऱ्याच्या पोरापेक्षा वर होता. थोडकाच, पण वर.

नुसतं "दादा, एकदा परत बघ की" म्हटलं असतं तरी पुरलं असतं. तो इतक्या वर्षांचा सुपरवायझर, त्याला लगेच कळलं असतं. आई घरी बसलेली. भावाचं शेवटचंच काम असेल हे, गुडघे गेलेत त्याचे. आणि दुसऱ्या बाजूला काय, तर एका परक्या पोराचा 'निवांत' हा शब्द. मला त्या क्षणी तुम्ही समोर हवे होतात. सल्ल्याला नव्हे, भांडायला.

मी गिऱ्हाइकांना नेहमी "फायनल का?" असं विचारते. काल माझ्या तोंडून निघालं, "ह्योच?" आणि आवाज तुमचा होता, अण्णा. मला स्वतःलाच भीती वाटली. दादानं ते ऐकलं. मग "व्हय" म्हणाला, आणि गुडघ्यावर हात टेकून उठला. मला वाटलं निघालाच. पण तो खिडकीशी गेला आणि रस्त्याकडं तोंड करून, माझ्याकडं पाठ करून उभा राहिला. म्हणाला, "झालं की सांग. मग वळतो."

मी बटण दाबलं. नंतर "झालं" म्हटलं. तो वळला, डोंगल रुमालात गुंडाळून खिशात ठेवला, बाकावरच्या सगळ्यांना राम राम करून जिना उतरला. त्याला कळलं का, कळलं असेल तर काय कळलं, मला माहीत नाही. संध्याकाळी आईनं हट्टानं स्वतः शिरा केला. साखर दुप्पट पडली होती. मला विचारत होती, "लागंल न्हवं गं?" मी म्हटलं, "बघूया की." दादा तिला पुलाची उंची हात वर करून दाखवत होता. मी शिरा दुसऱ्यांदा मागून घेतला. तोंडात घास असला की बोलावं लागत नाही, हे तुम्ही मला कधी सांगितलं नव्हतंत.

आज खोलीवर कुणी नाही. उद्या दुपारी उघडेल, मग मी घरी जाईन, आणि मला स्वयंपाकघराच्या दारातून आत जावं लागेल. दादा काही म्हणणार नाही, याचीच मला जास्त धास्ती आहे. तुमच्या ड्रॉवरमध्ये लाखेची एक अर्धी कांडी अजून पडलीय, तिच्याशेजारी हा कागद ठेवून देते. बंद वगैरे करत नाही.

एक सांगायचं राहिलं. बटण दाबल्यावर पावती लगेच आली होती. काल सर्व्हर नेमका चांगला चालला होता. पण मी लगेच "झालं" म्हणाले नाही. मान वर केली आणि दादाकडं बघत बसले. मानेवरचे पांढरे केस, उन्हानं काळी पडलेली कातडी, कॉलरच्या आत आईच्या बोटाचं चुकून लागलेलं थोडं कुंकू. माझा चेहरा कसा झाला होता ते कुणी बघितलं नाही. बाहेर माणसं खोळंबली होती, कुणीतरी "ताई, झालं का?" म्हणून हाक पण मारली. तरी मी बघत राहिले, अण्णा, तुमच्या वाटचं पण.